पाळण्याशेजारी मिक्सर

गेल्या वैशाखात आमच्या दौलताबादच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. आमची कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि तिची मुलगी, म्हणजे आमची नात, त्या दिवशी बावीस दिवसांची होती. दुपारचे दोन वाजले होते. देवगिरीचा काळा कातळ उन्हात तापत होता; वेरूळच्या रस्त्यावरील मोटारींची वर्दळही उन्हापुढे हार खाऊन ओसरली होती. रात्रभर जागलेले मूल अखेर निजले आणि त्याच्यापाठोपाठ त्याची आईही निजली. इतक्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. त्याच क्षणी मुलाचे दोन्ही हात वर उडाले, मुठी उघडल्या, चेहरा लाल झाला आणि सारे घर रडण्याने भरून गेले. आई दचकून उठून बसली. तिला झोप लागून पुरती दहा मिनिटेही झाली नव्हती.

या प्रसंगी घरात दोन मते व्यक्त झाली. शेजारच्या आजी बाळाला पाहण्यास आल्या होत्या. सहा मुले वाढविल्याचा अधिकार त्यांच्या बोलण्यात होता. त्या म्हणाल्या, "सर, एवढं जपायलात कशाला? लागू द्या की सवय. आमची लेकरं जात्याच्या घरघरीत झोपली." दुसरे मत आमच्या सौभाग्यवतींचे. ते त्यांनी स्वयंपाकघरातील सुनेला उद्देशून मांडले : "अगं, बाळ झोपलंय, एवढं कळायला नको का?" सून काही बोलली नाही. मिक्सरच्या भांड्यात जी चटणी वाटली जात होती तिची फर्माईश आमची होती, हे मात्र त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आले नाही. आणि सत्य सांगावयाचे तर आम्हीही ते त्या वेळी कोणाच्या ध्यानात आणून दिले नाही.

ही दोन मते आमच्याच घरची आहेत असे नव्हे. जेथे पाळणा आहे आणि विजेची यंत्रे आहेत, अशा बहुतेक घरांत ती ऐकू येतात. एक म्हणते, मुलाला सवय लावा. दुसरे म्हणते, बाईने जपून वागावे. दिसावयास ती परस्परविरुद्ध आहेत. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. यंत्र जसे आहे तसेच राहणार, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. वाकावयाचे ते मुलाने किंवा त्याच्या भोवतीच्या बाईने. यंत्राने नव्हे, आणि यंत्र करणाऱ्याने तर नव्हेच. या गृहीत गोष्टीलाच आमचा विरोध आहे. घरातील यंत्रांचा कर्कशपणा हा श्रम वाचविल्याबद्दल द्यावा लागणारा अटळ कर नसून तो केवळ हयगयीचा परिणाम आहे, आणि ती हयगय आपण सर्वांनी मिळून चालू दिली आहे, असे आमचे म्हणणे आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात पाळणा आणि मिक्सर यांचा खल कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, गोंगाटाविरुद्ध ज्यांनी आजवर लेखणी चालविली ते सारे वाङ्मयाचे आणि विद्येचेच उपासक होते. शोपेनहौअर या जर्मन तत्त्ववेत्त्याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधसंग्रहात गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर आग पाखडली. कारण त्या फटकाऱ्याने विचारवंताच्या विचाराचा धागा तुटतो. कार्लाइलने १८५३ साली लंडनमधील आपल्या घराच्या माथ्यावर आवाज शिरणार नाही अशी खोली बांधविण्यास घेतली. ती पुरी झाली, पैसा गेला, आणि आवाज मात्र येतच राहिला. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांचा बंदोबस्त करण्यासाठी त्या शेजाऱ्यांची मनधरणी करण्याचे काम त्याची पत्नी जेन हिच्याकडे असे. गणिती बॅबेज याने रस्त्यावरील वाजंत्र्यांविरुद्ध अशी काही मोहीम चालविली की, १८६४ साली इंग्लंडात त्यासाठी कायदा झाला. या थोर पुरुषांची तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु या साऱ्या वाङ्मयात शांतता मागितली आहे ती पुस्तकासाठी, पाळण्यासाठी नव्हे.

आमची स्वतःची स्थिती काय निराळी आहे? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले म्हणजे तीस वर्षे आमच्या घरात एक अलिखित नियम चालत आला आहे. दार लोटले जाते, टीव्हीचा आवाज खाली येतो, मिक्सर थांबतो, आणि मुले अंगणात पिटाळली जातात. ‘सरांना वाचायचे आहे’ एवढे शब्द त्यास पुरे होतात. सरांनी मिक्सरची सवय करून घ्यावी असे शेजारच्या आजींनीही कधी सुचविले नाही. पन्नाशी उलटलेल्या, धडधाकट, वाटेल तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकणाऱ्या माणसाला जी सवलत न मागता मिळते, ती मान वळविण्याचेही सामर्थ्य नसलेल्या जिवाला मागूनही मिळू नये, यात काही तरी उलटे आहे.

आता सवयीच्या सिद्धान्ताकडे वळू. त्याचा सर्वांत प्रबळ पुरावा म्हणजे जाते, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पहाटे जाते फिरत असे, ओवी चालत असे, आणि मांडीवरचे किंवा शेजारच्या झोळीतले मूल निवांत निजलेले असे, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्यावरून मिक्सरचे समर्थन निघत नाही. उलट त्याच्याविरुद्धचा पुरावा निघतो. जात्याचा आवाज खर्जातला. दगड जड, तो एकदम वेग घेत नाही, हळूहळू घेतो, आणि थांबतानाही हळूहळू थांबतो. त्याची लय माणसाच्या हाताची आणि श्वासाची असे. त्यावर आईचा कंठ असे, आणि पुष्कळदा मुलाला तिच्या देहाची ऊब असे. मिक्सरचे यातले काय आहे? त्याची मोटर मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते आणि बटण फिरविल्याबरोबर शांततेतून किंचाळीपर्यंत एका क्षणात पोचते. मुलाला दचकविते ती हीच गोष्ट. आवाज किती मोठा याइतकेच, तो किती अकस्मात उठला आणि आधीच्या शांततेहून किती उंच गेला, यावर दचकणे अवलंबून असते. दोन्ही हात हवेत उडविण्याची जी क्रिया आम्ही त्या दुपारी पाहिली ती तान्ह्या मुलाची जन्मजात प्रतिक्रिया आहे. वैद्यकात तिला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. तिला लाड म्हणता येत नाही आणि शिस्तीने ती सुटतही नाही.

गर्भात तरी कोठे शांतता असते, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तोही अर्धाच खरा आहे. सहाव्या-सातव्या महिन्यापासून गर्भाला ऐकू येऊ लागते आणि आईच्या रक्ताभिसरणाचा व आतड्यांचा नाद त्याच्या कानी अखंड असतो. पण बाहेरचे तीव्र, उंच सूर आईच्या देहातून गाळून, बोथट होऊन आत जातात. जन्मानंतर ही गाळणी नाहीशी होते. शिवाय तान्ह्या मुलाच्या कानाची नळी आखूड आणि अरुंद असते. त्यामुळे उंच सुरांचा जोर तिच्यात मोठ्या माणसाच्या कानाहून अधिक वाढतो. म्हणजे मिक्सरची जी किंचाळी आपणांस नुसती नकोशी वाटते, ती मुलाच्या कानावर आपल्याहून अधिक जोराने आदळत असते.

प्रतिपक्षाला जे देणे न्याय्य आहे ते आम्ही देतो. एकसुरी, मंद आवाजाने मूल निजते हे निर्विवाद आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस नवजात बालकांचे दोन गट केले होते. एकसारखा सळसळता नाद ऐकविलेल्या वीसांपैकी सोळा बालके पाच मिनिटांत निजली, आणि तो न ऐकविलेल्या वीसांपैकी केवळ पाच. तेव्हा घरात स्मशानशांतता राखावी, पावले न वाजविता चालावे, कुजबुजत बोलावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. माणसांच्या बोलण्याचा, भांडी विसळण्याचा, अंगणातल्या चिमण्यांचा नाद मुलाला बाधत नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्या त्याच त्या साध्या आवाजाला ते दचकेनासे होते, हेही खरे आहे. परंतु या सत्याचा व्यापारी मंडळींनी काय उपयोग केला तो पाहा. मुलाला निजविण्यासाठी नाद काढणारी यंत्रे पाश्चात्त्य देशांत विक्रीस आली. २०१४ साली अशी चौदा यंत्रे तपासण्यात आली. पूर्ण जोराने लावली असता तीस सेंटिमीटर अंतरावर त्यांतील प्रत्येकाचा आवाज ५० डेसिबलच्या वर गेला आणि तिघांचा ८५ च्याही वर. एका यंत्राच्या गोंगाटावर उतारा म्हणून पाळण्यात दुसरे यंत्र ठेवावयाचे, आणि तेही कारखान्यातल्या कामगारास कानरक्षक घालावयास लावील इतक्या आवाजाचे, हा उपाय रोगाहून भयंकर होय.

येथे डेसिबल या मापाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याच्या अज्ञानामुळे पुष्कळ घोटाळा होतो. हे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजातील शक्ती दसपट होते. मिक्सरचा आवाज जवळून सामान्यतः ८० ते ९० डेसिबल भरतो. तो ८५ धरला आणि निजल्या खोलीतला ४५ धरला, तर दोहोंतील अंतर चाळीस डेसिबल, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने दहा हजारपट. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली निजण्याच्या खोलीत रात्री सरासरी ३० डेसिबल, आणि मध्येच उठणारा एखादा आवाज ४५ च्या आत, असा दंडक सुचविला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ साली, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात ४५ डेसिबलहून अधिक आवाज असणे चिंतेचे आहे, असे सांगितले. म्हणजे अपुऱ्या दिवसांचे मूल रुग्णालयात काचेच्या पेटीत असेपर्यंत त्याच्या कानाची काळजी शास्त्र वाहते. ते घरी आले की ती काळजी सवयीच्या सिद्धान्ताकडे सोपविली जाते!

मिक्सरच्या दोन-पाच मिनिटांनी मूल बहिरे होते असा बागुलबुवा आम्ही उभा करीत नाही. हानी निराळी आहे. पहिल्या तीन महिन्यांत मूल दिवसाकाठी चौदा ते सतरा तास निजते, पण तुकड्यातुकड्यांनी. आणि त्या निजेचा सुमारे अर्धा भाग चाळवलेल्या, उथळ निजेचा असतो. या निजेत त्याची वाढ होते. आणि मुलाची निज मोडली की आईचीही मोडते. बाळंतिणीला झोपावयास स्वतंत्र वेळ नसतो. मूल देईल तेवढीच तिची झोप. शस्त्रक्रियेचे टाके किंवा प्रसूतीचा थकवा अंगावर असताना तिच्या वीस मिनिटांचे मोल काय, हे रात्री आठ तास निजणाऱ्या आम्हां पुरुषांना सहसा कळत नाही.

आता दुसरा सिद्धान्त : बाईने जपून वागावे. ‘मूल जागे असताना मिक्सर चालवा’ हा उपदेश कागदावर किती सोपा दिसतो! परंतु मराठवाड्यातल्या गावात मोटर, मिक्सर आणि धुण्याचे यंत्र यांची वेळ गृहिणी ठरवीत नाही. ती वेळ वीज ठरविते आणि नळ ठरवितो. नळाला पाणी आले की मोटर लावावीच लागते, मग मूल निजलेले असो वा जागे. ती न लावली तर टाकी कोरडी राहते आणि त्याचा दोष पुन्हा तिच्याच माथी. वीज जाण्याच्या आत वाटण उरकावे लागते. जेवणाची वेळ पुरुषांच्या कचेरीने आणि मुलांच्या शाळेने बांधलेली असते. अशा चहूबाजूंनी बांधलेल्या दिवसात त्या एका बाईने मुलाच्या निजेची फट शोधून तेवढ्यात सारी यंत्रे चालवावी, आणि चुकली तर बोलणी खावी, याला उपाय म्हणता येत नाही. त्या दुपारी आमच्या सुनेने मिक्सर लावला तो तिला कळत नव्हते म्हणून नव्हे. तीनला वीज जाणार होती आणि सासऱ्यांना चटणी हवी होती म्हणून.

मग खरा उपाय कोठे आहे? ज्या गावात आम्ही राहतो तेथला डोंगरच त्याचे उत्तर देतो. देवगिरीचा किल्ला ज्यांनी रचला त्यांनी शत्रूला शेवटच्या दारात अडवू असे म्हटले नाही. आधी बाहेरचा कोट, मग आतला कोट, मग तासलेला कडा आणि खंदक, आणि त्यानंतर अंधारी. शत्रू जितका दूर अडेल तितका बरा. आवाजाविषयीही शास्त्र हेच सांगते : आधी तो उठतो तेथे अडवावा, तेथे न अडला तर वाटेत, आणि कान हा अगदी शेवटचा टप्पा. आपण मात्र सारी लढाई कानाशी लढतो. मुलाच्या कानात कापूस घालतो, ज्याने आवाज जवळजवळ अडत नाही, किंवा सवयीची वाट पाहतो.

उगमाशी काय करता येते ते पाहू. मिक्सर ओट्यावर ठेवला की ओटा, भिंत आणि स्टीलची मांडणी सारीच त्याच्याबरोबर थरथरतात. खाली जाड रबराचा तुकडा घातला की ही थरथर तुटते. त्यावर चालू असताना गोधडी मात्र टाकू नये. मोटर तापून जळते. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजणे ही निव्वळ रूढी आहे. आत पुरेसा दाब झाला की तेथले तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते आणि अन्न त्या उष्णतेने शिजते, शिट्टीने नव्हे. पहिली शिट्टी होऊ लागताच आच मंद करून घड्याळ पाहावे. डाळ तितकीच शिजते आणि गॅसही वाचतो. आमच्याकडील उन्हाळ्याचा आधार म्हणजे पत्र्याचा कुलर. त्याची एकसुरी घोंघों मुलाला फारशी बाधत नाही. बाधतो तो सैल पत्र्याचा खडखडाट, वाकड्या पात्याचा ठोका, आणि वीज जाताच अचानक पडणारी शांतता. चार स्क्रू आवळले, पाते सरळ केले, खिडकीच्या चौकटीत रबराच्या पट्ट्या घातल्या आणि वेग एक पायरी उतरविला, की निम्मा त्रास संपतो. मोटरीचे तेलपाणी वेळेवर करावे आणि तिचा नळ भिंतीला थेट जखडू नये.

वाटेत काय करता येते? अंतर हा सर्वांत स्वस्त पडदा आहे. उघड्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलांनी उतरतो. स्लॅबच्या उघड्या-बोडक्या खोलीत तो घुमतो, म्हणून तितका उतरत नाही. तेव्हा मिक्सर मागच्या पडवीत न्यावा, पाळणा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असेल तर तो हलवावा. दारे लावावी आणि दाराखालची फट जाड कापडाने बुजवावी. कारण आवाज पाण्यासारखा फटीतून शिरतो. पडदे आणि गोधड्या खोलीतला घुमारा कमी करतात. भिंतीपलीकडचा आवाज मात्र त्यांनी थांबत नाही. हे सारे उपाय घरच्या पुरुषाने एका रविवारी उरकण्याजोगे आहेत, आणि आमचा आग्रह आहे की ते त्यानेच उरकावे. हातोडी आणि पाना हाती घेतल्याने विद्वत्तेला बाध येत नाही.

कोणी म्हणेल, बाहेर ध्वनिक्षेपक आहेत, मालमोटारी आहेत, वरातीतले डीजे आहेत. तेथे घरच्या मिक्सरची काय कथा? बाहेरच्या आवाजासाठी निदान कायदा तरी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. ती पाळली जात नाही हे निराळे दुःख आहे आणि त्यावर निराळा लेख लिहावा लागेल. पण बाहेरचा शत्रू प्रबळ आहे म्हणून आतली हयगय क्षम्य ठरत नाही. १२९६ साली अल्लाउद्दिनाच्या वेढ्यात रामदेवराय शरण गेला तो तट पडला म्हणून नव्हे, कोठारातल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले म्हणून, अशी आख्यायिका आमच्या गावात अजून सांगतात. तट बाहेर असतो, पण पोती आतच भरलेली असतात.

आता मुख्य प्रश्न राहिला तो यंत्र करणाऱ्यांचा. आपला मिक्सर कर्कश का, याला इतिहास आहे. परदेशी मिक्सर आपल्या डाळी आणि मसाले वाटताना टिकेना. तेव्हा मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या स्वयंपाकघराला पुरे पडेल अशा दणकट मोटरीचा ‘सुमीत’ मिक्सर १९६३ साली बाजारात आणला. पाट्यावरवंट्याने ज्यांचे खांदे झिजले होते त्या लाखो स्त्रियांवर तो खरोखर उपकार झाला, आणि त्या वेळी आवाजाची तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरले असते. पण त्याला आता साठ वर्षे उलटली. या काळात ब्रशविरहित मोटरी आल्या, पंख्यांत त्या सर्रास बसू लागल्या, आवाज कोंडणारी आवरणे निघाली. मिक्सरची विद्या मात्र ‘अधिक वॉट’ याच एका दिशेने धावली. जो जास्त ओरडतो तो जास्त दळतो, असा ग्राहकाचा समज. आणि तो समज मोडण्यात कारखानदाराचा काही लाभ नाही.

सरकारने तरी काय केले? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत १९९० साली घरगुती उपकरणांच्या आवाजाला कारखान्यातच मर्यादा घालण्यात आली, आणि ती ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत गाठावयाची होती. एक ते दीड टनाच्या खिडकीतल्या वातानुकूलन यंत्राला ६८ डेसिबल, कुलरला ६०, फ्रिजला ४६. यादी चांगली आहे. पण तीत मिक्सर नाही. धुण्याचे यंत्र नाही. पाण्याची मोटर नाही. घरात सर्वांत मोठ्याने ओरडणारे जे, तेच यादीतून सुटले. आमच्या शेजारी वाळूजला १९८५ पासून दुचाक्या तयार होतात. तेथून निघणाऱ्या दुचाकीच्या आवाजाला कायद्याची मर्यादा आहे, कारण ती रस्त्यावरून, पुरुषांच्या जगातून जाते. पाळण्यापासून चार हातांवर चालणाऱ्या यंत्राला मर्यादा नाही, कारण ते स्वयंपाकघरात चालते. याहून दुसरे कारण आम्हांस सापडत नाही. आणि कुलरची मर्यादा तरी गल्लीतल्या कारखान्यात पत्रा वाकवून जोडलेल्या कुलरला कोण लावतो?

युरोपात धुण्याच्या यंत्रावर आणि फ्रिजवर विजेच्या पट्टीबरोबर आवाजाचा आकडाही छापतात. मार्च २०२१ पासून तर त्याला अ, ब, क, ड अशी प्रतही देतात. आपल्याकडे २००६ पासून विजेच्या बचतीचे तारे छापले जातात, आणि ग्राहक ते मोजूनच वस्तू घेतो. तसाच आवाजाचा आकडा प्रत्येक खोक्यावर असावा, आणि मिक्सर, मोटर व धुण्याचे यंत्र ही त्या यादीत घालावी, एवढीच आमची मागणी आहे. यात खर्चाचा बाऊ करण्याजोगे काही नाही. आकडा छापावयास शाई लागते, आणि आकडा छापला की स्पर्धा आपोआप लागते. ही श्रीमंतांची चैन आहे, हा आक्षेपही टिकत नाही. श्रीमंताच्या घरी स्वयंपाकघर आणि निजण्याची खोली यांमध्ये तीन भिंती असतात. एका खोलीत चूल, पाळणा आणि मिक्सर असणाऱ्यालाच शांत यंत्राची गरज सर्वांत अधिक आहे, आणि आज ते त्यालाच सर्वांत दुर्मीळ आहे.

त्या दुपारनंतर आमच्या घरी मिक्सर मागच्या पडवीत गेला. तेथे विजेची जोडणी नव्हती. ती करून घेण्यास साडेचारशे रुपये पडले. कुलरचे स्क्रू आम्ही स्वतः आवळले, आणि त्यात एक बोट सोलून घेतले. चटणीविषयी सुनेला जे सांगावयाचे होते तेही आम्ही सांगितले, थोडे उशिरा. चार दिवसांनी शेजारच्या आजी पुन्हा आल्या तेव्हा मूल निजलेले होते, त्याची आईही निजलेली होती, आणि पडवीत वाटण चालू होते. आजी पाळण्याजवळ क्षणभर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी हे केलं असतं तर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. सहा मुले वाढविताना त्या स्वतः किती वेळा निजल्या होत्या, हे त्यांना आजवर कोणी विचारले नसावे.